सेवेचं मोल आणि पहिला पगार



मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास असतो : ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२५ साली राज्यात ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. आता याचं कुणाला नवलही वाटत नाही. चौकाचौकांत फलक लागतात, गुणवंतांचे सत्कार होतात आणि विषय संपतो. याच मुली तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन नोकरीला लागतात तेव्हा त्यांच्या हातावर पहिला पगार किती पडतो, याचा मथळा मात्र होत नाही. या अंकात तोच विषय घ्यायचं आम्ही ठरवलं, कारण गेल्या काही महिन्यांत आमच्या भाईंदरच्या केंद्रावर येणाऱ्या मुलींच्या बोलण्यात तो पुन्हा पुन्हा येत होता.

पगाराविषयी आपण बायका फारशा बोलत नाही. पुरुषाला पगार आणि बाईला वय विचारू नये, असं आपण ऐकत आलो; बाईलाही पगार असू शकतो हे ते म्हणणाऱ्याच्या ध्यानीमनी नसावं. म्हणून एका शनिवारच्या बैठकीत आम्ही चिठ्ठ्यांचा जुनाच प्रयोग केला. नाव लिहायचं नाही. शिक्षण आणि पहिला पगार, एवढंच. अकराजणी होत्या, सगळ्या अलीकडच्या तीन-चार वर्षांत नोकरीला लागलेल्या. कागद वाटून झाल्यावर एकीने विचारलं, “ताई, सांगायचा पगार लिहू की मिळायचा?” दोन्ही लिही म्हटलं.

बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचं शिक्षण, नोकरी तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात : १७ हजार. बी.कॉम., कर सल्लागाराचं ऑफिस : ११ हजार. बी.ए. बी.एड., विनाअनुदानित शाळा : बँकेत जमा २६ हजार, त्यातले १२ हजार दर महिन्याला रोख परत करायचे, म्हणजे हातात १४. ‘सांगायचा की मिळायचा’ विचारणारी ती हीच. एम.एस.डब्ल्यू., देणग्यांवर चालणारा प्रकल्प : २० हजार, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. संगणक अभियांत्रिकी : वर्षाला साडेतीन लाख, सगळं कापून हातात २५ हजार. बाकीच्या चिठ्ठ्या याच आकड्यांच्या अधेमधे.

संगणकवालीची चिठ्ठी सगळ्यांत मोठी निघणार असं सगळ्यांना वाटत होतं, आणि तशी ती निघालीही. पण चेहरा तिचाच उतरला होता. आय.टी. सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत नव्या इंजिनिअरचा पगार गेली दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. फी भरायला काढलेल्या कर्जाचा हप्ताच तिच्या पगारातले सात हजार नेतो. पवईच्या आय.आय.टी.तल्या मोठ्या पॅकेजच्या बातम्या वाचून तिच्या वडिलांनी तिला अभियांत्रिकीला घातलं होतं. २०२३-२४ साली तिथलं सरासरी पॅकेज साडेतेवीस लाखांचं होतं अशी बातमी आली. त्याच वर्षी तिथल्याही काही विद्यार्थ्यांनी चार ते सहा लाखांच्या नोकऱ्या पत्करल्या, हे बातमीच्या तळाशी होतं. तरीही एक गोष्ट खरी : तिच्या पगाराला पुढे चढ आहे. नर्सच्या पगाराला नाही. सहा वर्षं त्याच रुग्णालयात काढलेली तिची वरिष्ठ आज २१ हजारांवर आहे.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. तुमच्याबरोबर लागलेल्या मुलांना किती? संगणकवाली म्हणाली, तेवढाच. नर्स म्हणाली, आमच्या ब्रदरलाही १७ हजारच. शाळेतल्या सरांनाही महिनाअखेरीस बारा हजार परत करावेच लागतात. म्हणजे ‘समान कामाला समान वेतन’ ही आपली घोषणा, जिथे जिथे आम्ही विचारलं तिथे, पाळली गेलेली होती. कुणा एका मालकाचं पगारपत्रक उघडून भेदभाव शोधला असता तर तो सापडला नसता. तो आधीच होऊन गेला होता : मुलगी कुठल्या लाइनला गेली आणि त्या लाइनची किंमत काय ठरली, या दोन ठिकाणी.

बैठकीत एकीने मागणी आणि पुरवठ्याचा मुद्दा काढला. बी.कॉम.च्या बाबतीत त्यात तथ्य आहे. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात एक वाणिज्य पदवीधर असतो. पण नर्सचं काय? त्यांची टंचाई आहे हे रुग्णालयवालेच सांगतात. २०२० साली कोरोना आला तेव्हा देशाला सगळ्यांत जास्त गरज त्यांची होती. तेव्हा आपण थाळ्या वाजवल्या, आणि लाट ओसरल्यावर कंत्राटावर घेतलेल्यांना घरी पाठवलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे हे कौशल्य परदेशाला हवं आहे हे शासनाला ठाऊक आहे. तेच कौशल्य भाईंदरच्या नर्सिंग होममध्ये १७ हजारांचं कसं होतं, याचं उत्तर मागणी-पुरवठ्यात मिळत नाही.

खासगी मालकांना तरी किती बोलायचं? शासनानेच २००० साली ‘शिक्षण सेवक’ नावाचं पद काढलं. पात्रता शिक्षकाची, काम शिक्षकाचं, पण पहिली तीन वर्षं वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन. कित्येक वर्षं ते प्राथमिकला ६ हजार, माध्यमिकला ८ आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ९ हजार होतं. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर २०२३ मध्ये ते १६, १८ आणि २० हजार झालं. आता शेजारी ठेवून बघा. अभियांत्रिकीची पदविका घेऊन शासनात लागलेल्या कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३८,६०० पासून सुरू होते, आणि ती पहिल्या महिन्यापासून लागू असते. अध्यापनाची पदविका घेतलेल्या प्राथमिक शिक्षिकेची श्रेणी २९,२०० पासून, आणि तीही तीन वर्षं १६ हजारांवर काढल्यानंतर. दोघांचाही मालक एकच. पुलाचं मोजमाप चुकलं तर माणसं मरतात, म्हणून अभियंत्याला जास्त, असं कुणी म्हणेल. सहा वर्षांच्या चाळीस मुलांना वाचायला शिकवण्यात किती जोखीम आहे हे मोजण्याची पट्टी मात्र अजून कुणी बनवलेली नाही, आणि बनवायला हवी असंही कुणाला वाटलेलं नाही.

‘सेवक’ हा शब्द कुठून आला हेही बघायला हवं. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे बायकांना, त्यात विधवाही होत्या, शिक्षिका आणि परिचारिका होण्याचं शिक्षण मिळालं. त्या काळी घराबाहेर पडायला दुसरा दरवाजाच नव्हता. ‘सेवा’ म्हटल्याशिवाय समाजाने बाईला उंबरठा ओलांडू दिला नसता. त्या पिढीने तो शब्द ढालीसारखा वापरला, आणि त्या ढालीआडून हजारोजणी स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पण पुढे ही ढाल मालकांच्या आणि शासनाच्या हाती गेली. सेवा करणारीला पैशाची हाव नसावी, तिला मान द्यावा, म्हणून ‘मानधन’. शिक्षण सेवक, अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका. अभियंत्याला कुणी बांधकाम सेवक म्हणत नाही. (ग्रामसेवक आणि कृषी सेवक हे पुरुषही या शब्दाखाली भरडले जातात, हे मान्य करायला हवं. बायकांसाठी तयार केलेलं माप एकदा हाताशी आलं की ते कुणालाही लावता येतं.) अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. तोपर्यंत मानधन म्हणजे वेतन नव्हे, हाच युक्तिवाद ऐकवला जात होता.

मी ज्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली त्या समाजकार्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली नागपाड्यात सुरू झाली ती समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा म्हणून. कामगार कल्याण हा त्या शिक्षणाचाच एक भाग होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, आणि समाजकार्य शिकलेल्यांना ते एक क्षेत्र मिळालं. पुढे कार्मिक व्यवस्थापन, ज्याला आज एच.आर. म्हणतात, त्याची शाखा वेगळी झाली. आज त्या संस्थेतल्या एच.आर.च्या विद्यार्थ्यांचा सरासरी पगार वर्षाला वीस लाखांच्या पुढे जातो. त्याच आवारात समाजकार्य शिकून बाहेर पडणाऱ्यांचा पगार त्याच्या जवळपासही जात नाही. अभ्यासाची वर्षं सारखीच. दोघीही माणसांचं ऐकून घ्यायला, तंटा सोडवायला, कागदपत्रं करायला शिकतात. एकीला कंपनी पगार देते आणि दुसरीला वस्ती पगार देऊ शकत नाही, एवढाच काय तो फरक. मारहाण झालेल्या बाईला रात्री पोलीस ठाण्यात घेऊन जाणाऱ्या कार्यकर्तीच्या कौशल्याचा खरेदीदार बाजारात नसतो. तो खर्च समाजाने, म्हणजे शासनाने उचलायचा असतो, आणि शासन तो देणगीदारांवर ढकलून मोकळं होतं.

आता लाइन कोण निवडतं ते बघू. मुलीने आपल्या आवडीने बी.एड. केलं, असं आपण सहज म्हणतो. आमच्याकडे आलेल्या मुलींना खोदून विचारलं तर आवड फार थोड्या वेळा पुढे येते. दहिसरचा नाका ओलांडायला नको, हे पहिलं कारण. उत्तनची मुलगी असेल तर आधी भाईंदर स्टेशनपर्यंतची बस, मग चेंगराचेंगरीची गाडी. संध्याकाळी प्रॅक्टिकलला उशीर झाला की घरचे दारात उभे. दुसरं कारण फी : भावाच्या फीचं आधी ठरतं, उरलं तर हिचं. तिसरं कारण लग्न. शिक्षिका झाली की मुलांच्या सुट्ट्या त्या तिच्याही सुट्ट्या, अर्धा दिवस घरी, असा हिशेब अकरावीतच मांडलेला असतो. म्हणजे घरकाम आणि मुलं हिलाच बघायची आहेत हे गृहीत धरून लाइन ठरते, आणि मग त्या लाइनला पगार कमी का, तर ‘अर्ध्या दिवसाचं तर काम’. शाळेतून घरी आणलेल्या वह्यांचे गठ्ठे कोण मोजतं?

याचा परिणाम देशभराच्या आकड्यांतही दिसतो. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीत उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांत २.०७ कोटी मुली होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. विज्ञान शाखेत तर मुली मुलांपेक्षा जास्त. अभियांत्रिकीत मात्र दहांत तिघीच. मुलींना गणित-विज्ञान झेपत नाही हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. विज्ञान शिकलेल्या मुली अभियांत्रिकीच्या दारापाशी वेगळ्या वाटेला लावल्या जातात.

हे दार उघडण्याचे काही प्रयत्न झाले आहेत आणि त्यांचं श्रेय द्यायला हवं. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्यांनाच मिळते, म्हणून आपल्या गटांनी जूनमध्ये हे अर्ज भरून द्यायचं काम हाती घेतलंच पाहिजे. कित्येक घरांना याची माहितीच नाही. फी माफ झाली तरी वसतिगृह, प्रवास, लॅपटॉप हे खर्च राहतातच, पण निदान भावाच्या फीशी तिची तुलना तरी थांबेल.

मात्र मुलींना अभियांत्रिकीला पाठवा म्हणजे प्रश्न सुटला, असं मानायला मी तयार नाही. एक तर सगळ्याजणी तिकडे गेल्या तरी मुलांना शिकवायचं आणि आजाऱ्याला बघायचं काम कुणीतरी करणारच. मग त्या उरलेल्या कोण असतील, कुठल्या जातीच्या, कुठल्या वस्तीतल्या, हे सांगायला नको. दुसरं असं की, अमेरिकेतल्या १९५० ते २००० च्या जनगणनांचा अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलं की एखाद्या व्यवसायात बायका मोठ्या संख्येने आल्या की त्या व्यवसायाचाच पगार उतरतो. बाईच्या मागे स्वस्ताई चालत जाते, असा याचा अर्थ. तेव्हा बाईने लाइन बदलली पाहिजे हे खरं, पण बायका ज्या लाइनमध्ये आहेत तिची किंमतही बदलली पाहिजे.

कायदा इथे कुठवर पोचतो? मुंबईतल्या ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला आपल्या चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत त्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोग्राफरना पगार जास्त. कंपनीचं म्हणणं असं की लेडी स्टेनोग्राफर हा वर्गच वेगळा. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं : नाव वेगळं दिलं म्हणून काम वेगळं होत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याखालचा हा मोठा विजय होता. तो कायदा आता वेतन संहितेत सामावला आहे आणि संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण जुन्या कायद्यात आणि नव्या संहितेतही तुलना करता येते ती एकाच मालकाकडच्या, ‘त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या’ कामाची. नर्सने आपली तुलना आपल्याच रुग्णालयातल्या ब्रदरशी करायची. दोघांनाही १७ हजार मिळत असतील तर कायद्याला तक्रार दिसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा १०० क्रमांकाचा करार ‘समान मूल्याच्या कामाला’ समान मोबदला म्हणतो, आणि भारताने तो १९५८ सालीच स्वीकारलेला आहे. ‘समान काम’ आणि ‘समान मूल्याचं काम’ या दोन शब्दप्रयोगांमधल्या अंतरात आपल्या अकराजणींपैकी बहुतेकींचा पगार अडकलेला आहे.

हे अंतर ओलांडता येतं. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाईने, माझं काम बायकांचं समजलं जातं म्हणून त्याला पैसे कमी, असा दावा लावला. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो ग्राह्य धरला आणि २०१७ मध्ये सुमारे ५५ हजार काळजीवाहकांचे पगार १५ ते ५० टक्क्यांनी वाढले. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून असे दावे अवघड करून टाकले, कारण त्यांची रक्कम सरकारला पेलवेना. मागणी कुठे लागते ते यावरून कळतं.

आपल्याकडे निदान नर्सच्या बाबतीत एक माप तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली : दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने शासकीय नर्सइतकाच पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या रुग्णालयातही २० हजारांच्या खाली नको. केरळच्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये त्या राज्याने २० हजारांचं किमान वेतन अधिसूचित केलं. आमच्या चिठ्ठीतल्या मुलीचं रुग्णालय तीस खाटांचं आहे. दहा वर्षांपूर्वीच्या शिफारशीपेक्षाही तिचा पगार तीन हजारांनी कमी आहे.

तेव्हा काम तिथून सुरू करायचं आमच्या गटाने ठरवलं आहे. मीरा-भाईंदरमधल्या लहान रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगारपावत्या, नावं झाकून, जमवायच्या आणि त्या जोडून ठाण्याच्या कामगार कार्यालयाला निवेदन द्यायचं. शाळांबाबत ते जास्त अवघड आहे. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, पण पैसे परत केल्याचा पुरावा शिक्षिकेकडे नसतो आणि बोलली तर नोकरी जाते. तिथे एकेकटीने तक्रार करू नये, एका शाळेतल्या किमान चार-पाचजणी एकत्र आल्या तरच पुढे जावं असं आमचं मत आहे. शिवाय जूनमध्ये दहावीच्या मुलींच्या पालकांची बैठक घेणार आहोत. तिथे प्रत्येक लाइनचा पहिला पगार आणि पाचव्या वर्षाचा पगार, हातात पडणारा, त्या त्या लाइनमधल्या मुलींनीच येऊन सांगायचा आहे.

इतर ठिकाणच्या गटांनीही आपल्या गावातल्या मुलींकडून अशा चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात आणि पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवाव्यात. नाव, संस्थेचं नाव नको. शिक्षण, कामाचं ठिकाण कसलं, खाटा किंवा विद्यार्थी साधारण किती, सांगायचा पगार आणि मिळायचा पगार, एवढं पुरे. पगाराची पावती मिळतच नसेल तर तेही लिहा.